साहेबांचं एकेरी तिकीट

मी तेव्हा विमानाची तिकिटं लिहायचे आणि स्वतः विमानात एकदाही बसले नव्हते.

इंदूरला एम. जी. रोडवर पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. काचेचं दार, दोन टेबलं, एक सोफा, भिंतीवर जगाचा नकाशा. माझ्या टेबलावर दोन जाडजूड पुस्तकं असायची. एकात जगभरच्या विमानांच्या वेळा, दुसऱ्यात भाडी आणि एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंतची अंतरं. तिकीट हातानं लिहायचं. खाली लाल कार्बन. सगळ्या प्रतींवर नीट उमटावं म्हणून पेन इतकं दाबावं लागायचं की संध्याकाळपर्यंत अंगठा सुन्न व्हायचा. त्या वर्षांत शहरातून परदेशी जाणारे एकदम वाढले. पीथमपूरच्या नव्या कारखान्यांतले साहेब, मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आज्या, सिंगापूर बघून यायचंय म्हणणारे कापड मार्केटातले शेठ. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "मॅडम, टाइम कितना लगेगा?" मी पुस्तक न उघडता सांगायचे. मला ते आवडायचं. मिलच्या चाळीतली तेवीस वर्षांची मुलगी मी, पण टोकियो किती तासांवर आहे हे मला विचारायला लोक जिना चढून यायचे.

संध्याकाळी सवारी टेम्पोतून परदेशीपुऱ्यात उतरलं की हे सगळं संपायचं. तिथे आमची चाळ होती आणि चाळीतले दीडशे पुरुष दिवसभर ओट्यांवर बसून असायचे. मिल बंद होती.

बाबा साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. सव्वीस वर्षं. त्यांच्या उजव्या भुवईत एक खोक होती. मागातून सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा, लोखंडी टोकांचा, एकदा सुटून त्यांच्या कपाळावर बसला होता. टाके घालून दुसऱ्या दिवशी ते पाळीवर गेले. असल्या गोष्टी ते हसून सांगायचे. मिल बंद होण्याआधी त्यांनी घरात कधी कुणावर हात उचलला नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतरचं वाचून कुणाला वाटेल की ते तसेच होते.

आधी नोटीस लागली की सूत नाही, काही दिवस काम बंद. मग गेटला कुलूप. मग एका दुपारी बातमी आली की मागच्या फाटकातून ट्रक आत गेलेत आणि माग खोलून नेताहेत. सगळी चाळ धावली. पोलीस आधीच येऊन उभे होते. लाठ्या चालल्या. बाबांच्या शेजारच्या मागावरचे काका, आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे, त्यांच्या डोक्यात लाठी बसली. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघायच्या तेव्हा हेच काका मला खांद्यावर घेऊन गर्दीत घुसायचे. त्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी घरी आले. डोक्याला रुमाल बांधलेला. काकूंना म्हणाले, "काही नाही गं, चहा टाक." चहा यायच्या आत ते ओकले आणि आडवे झाले. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध होते. नवव्या दिवशी आणले ते झाकूनच.

मिलच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे मॅनेजरांनी, युनियनकडे निरोप पाठवला. येत्या सोमवारी सकाळी मी स्वतः गेटवर येतो. मिल कधी उघडणार ते तुमच्यासमोर सांगतो. काकांच्या घरीही येतो. त्या निरोपावर चाळ शांत झाली. बाबांनी धुतलेला सदरा काढून ठेवला.

आणि त्याच आठवड्यात बुधवारी मॅनेजरसाहेबांचा ड्रायव्हर आमच्या ऑफिसचा जिना चढून आला.

तो नेहमी यायचा. पन्नाशीचा, बारीक, पांढरा युनिफॉर्म इस्त्री केलेला. जुनी इंदूरमध्ये राहायचा. सोफ्यावर कधी बसायचा नाही, माठाजवळ उभा राहायचा आणि मला बिटिया म्हणायचा. त्यानं पासपोर्ट माझ्यासमोर ठेवला. आमच्या ऑफिसचे मालक, शेठजी, त्यांना साहेबांचा फोन आधीच आला होता. रविवारी सकाळी इंदूर ते मुंबई, सोमवारी सकाळी मुंबई ते लंडन. मी विचारलं, "परतीची तारीख?"

शेठजी म्हणाले, "वन वे."

मी पेन दाबून लिहिलं. ड्रायव्हर पाणी पीत उभा होता. म्हणाला, "साब की बेटी है वहाँ. कित्ता दूर पड़ता है बिटिया?" मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, तिकीट पाकिटात घातलं, पाकीट खिशात आणि वरून हात ठेवून जिना उतरला.

मला तेव्हाच कळलं होतं. रविवारी जाणारा माणूस सोमवारी गेटवर येत नसतो. पण गिऱ्हाइकाचं तिकीट कुणाला सांगायचं नाही, हा शेठजींचा पहिला नियम होता आणि मी तो तीन दिवस पाळला.

शनिवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. थापता थापताच ती बाबांना म्हणाली, "मी सोमवारपासून कालानी नगरला एका घरी स्वयंपाकाला जाणार आहे."

बाबा म्हणाले, "कुणाला विचारलं?"

"विचारायचं काय त्यात? घर चालायला हवं."

चुलीपाशी सांडशी पडली होती. बाबांनी ती उचलली आणि आईच्या पाठीत मारली. एकदा, मग परत. तिसऱ्यांदा मी मध्ये गेले आणि ती माझ्या कोपरावर बसली. हाडावर. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.  तव्यावरची भाकरी जळू नये म्हणून आईनं ती उलटली, हे मला आजही दिसतं.

मी किंचाळले. "आईवरच हात उठतो तुमचा! तिकडे तुमचे साहेब उद्या सकाळी उडून चाललेत. लंडनला. परत यायचं तिकीटच नाही काढलं. मी लिहिलंय ते, या हातानं!"

मला त्यांना लागेल असं काहीतरी फेकून मारायचं होतं. हातात दुसरं काही नव्हतं.

बाबा थांबले. सांडशी खाली ठेवली. भिंतीला टेकून बसले.  मग ज्या आवाजात ते मला लहानपणी पाढे विचारायचे, त्या आवाजात म्हणाले, "बस न बेटा इथे. लंडन किती लांब आहे गं?"

कित्येक महिन्यांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. माझं कोपर ठणकत होतं, तरी मी त्यांच्याजवळ बसले.

"इंदूरहून मुंबई पाचशे किलोमीटर, हवेतून. एक तास. तिथून लंडन सात हजारांच्या वर. दहा तास."

"सात हजार." त्यांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे आपल्या पॅसेंजर गाडीनं सहा दिवस. न थांबता."

"हो."

"नि मुंबईहून किती वाजता निघतं?"

"सकाळी सातला. तिथे पोचतं साडेअकराला."

"मग साडेचारच तास झाले की."

"नाही बाबा. त्यांचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे आहे. दहाच लागतात."

ते हसले. "म्हणजे साडेपाच तास त्याला फुकटात मिळाले."

मीही हसले. मग त्यांनी विचारलं, "आणि इथलं विमान?"

"साडेनऊचं. तासभर आधी पोचावं लागतं."

"म्हणजे घरून आठला निघायला पायजे."

"पावणेआठ. एअरपोर्टला रस्ता तर एकच आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांनी विचारलं नव्हतं. मीच म्हणाले. मला काहीच कळत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आईला मात्र कळलं होतं. ती चुलीपुढून माझ्याकडे बघत होती आणि मान नकारार्थी हलवत होती. मी ते पाहिलं आणि तरी बोलले.

रविवारी मला जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. बाबा नव्हते. मी बाहेर आले. चाळीच्या मधल्या चौकात नळापाशी रोज तीस-पस्तीस सायकली लावलेल्या असायच्या. एकही नव्हती. ओट्यांवर फक्त बायका होत्या आणि त्या माझ्याशी बोलेनात.

मी चप्पल घालून कोपऱ्यावरच्या पी.सी.ओ.वर गेले. साहेबांच्या बंगल्याचा नंबर मला पाठ होता, ऑफिसच्या वहीत मीच तो लिहिला होता. फिरवला. दोन रिंग झाल्या आणि स्वतः साहेबांनीच उचलला. "हॅलो? कौन?" मागे बाईचा आवाज, बॅग बंद केल्याचा आवाज. म्हणजे अजून निघाले नव्हते. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, आज या रस्त्यानं जाऊ नका. तोंड उघडलं. आणि मला काका दिसले, डोक्याला रुमाल बांधून चहा मागणारे. "हॅलो? अरे बोलो भई," साहेब वैतागून म्हणाले. मी फोन ठेवला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोलिसांना नाही, आईला नाही, ज्याला सांगायला हवं होतं त्यालाही नाही.

पी.सी.ओ.च्या बाहेर दहा मिनिटं नुसती उभी राहिले. मग मी परत आत जाऊन फोन लावला. नोकरानं उचलला. "साब तो निकल गए."

मी एअरपोर्टच्या रस्त्याला निघाले. टेम्पो मिळाला. राजवाड्याला बदलला. बडा गणपतीच्या पुढे टेम्पो भरेपर्यंत टेम्पोवाला हलेना, तेव्हा मी त्याला पूर्ण टेम्पोचं भाडं दिलं. बिजासन टेकडीच्या अलीकडे त्यानं ब्रेक मारला. "आगे लफड़ा है मैडम, मैं नी जाऊँ."

रस्त्यावर आडव्या सायकली टाकल्या होत्या. आमच्याच चाळीच्या. एकीवर एक, कमरेएवढा ढीग. पलीकडे हातोदकडून मंडीला निघालेल्या दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या अडकलेल्या आणि त्यांवर बसलेली माणसं उभी राहून बघत होती. ढिगाच्या अलीकडे साहेबांची पांढरी गाडी. पुढची काच फुटलेली. तीस-चाळीस माणसं तिच्याभोवती आणि सगळ्यांचे चेहरे माझ्या ओळखीचे. हेच लोक माझ्या वाढदिवसाला खोपरापाक, म्हणजे खोबऱ्याच्या वड्या, खाऊन गेलेले.

त्यांनी साहेबांना मागच्या दारातून ओढून काढलं होतं. साहेब साठीचे, लठ्ठ. शर्टाची एक बाही निघून आली होती. कुणीतरी सायकलची चेन हाताला गुंडाळली होती आणि ती त्यांच्या पाठीवर बसत होती. ते मार चुकवत नव्हते, फक्त चष्मा शोधत होते, खाली वाकून, मार खात. कुणी ओरडत होतं, "सोमवार को आने वाला था न! सोमवार को!" आणि प्रत्येक वेळी सोमवार म्हणताना मारत होतं.

ड्रायव्हर गाडीतून उतरला. दोन्ही हात जोडलेले. "भिया, जाने दो. भिया, बुढ्ढा आदमी है." तो साहेबांच्या आणि त्यांच्या मध्ये येत होता. बाबा बॉनेटच्या पलीकडे उभे होते. त्यांच्या हातात दगड होता, मुठीएवढा. त्यांनी मला पाहिलं नाही. त्यांनी हात मागे नेला आणि फेकला.

त्यांचा नेम साहेबांवर होता, हे मी शपथेवर सांगेन. पण ड्रायव्हर त्याच क्षणी वळला. आवाज मोठा नव्हता. ओला होता. ड्रायव्हरनं चेहरा धरला आणि तो खाली बसला, अगदी सावकाश, युनिफॉर्म मळू नये म्हणून बसावं तसा. बोटांमधून आलेलं रक्त कोपरापर्यंत गेलं.

सगळे थांबले. तेवढ्यात साहेब उठले आणि पळाले. साठीचा तो माणूस एका पायात बूट नसताना सायकलींच्या ढिगावरून चढून पलीकडे गेला, ट्रॉल्यांच्या मागे एक टेम्पो होता त्यात शिरला आणि गेला. बॅगा गाडीतच राहिल्या. विमान त्या दिवशी पाऊण तास उशिरा सुटलं. ते त्यात होते.

मी ड्रायव्हरजवळ पोचले. ओढणी त्याच्या चेहऱ्यावर दाबली. त्यानं दुसऱ्या डोळ्यानं मला ओळखलं. "बिटिया," म्हणाला, "तुम इधर कैसे?"

 मान वर केली तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. तो दगड नेमका कुणाला लागला हे बघायला ते दोन पावलं पुढे आले होते. तेवढ्यात पोलिसांच्या गाड्या आल्या.

बाबांना आणि बाकीच्यांना तिथेच मारायला सुरुवात झाली आणि ठाण्यात ते तीन दिवस चाललं. आई आणि मी सकाळी जायचो आणि संध्याकाळी हाकलून देईपर्यंत समोरच्या पिंपळाखाली बसायचो. भिंत जाड होती, पण खिडक्या उघड्या असायच्या. आवाज कुणाचा ते ओळखता यायचं नाही. माणूस खूप मार खाल्ल्यावर स्वतःच्या आवाजात ओरडत नाही.

सोमवारी सकाळी आम्ही तिथे बसलो असताना मी घड्याळ बघत होते. सात वाजले. विमान सुटलं असेल. आठ. आता खाली नुसता समुद्र. डोक्यात सगळं पाठ होतं, थांबवता येईना. आत कुणीतरी किंचाळत होतं आणि मी मोजत होते, आता आखात, आता तुर्कस्तान, आता जेवणाचे ट्रे. पाच वाजता मी आईला म्हणाले, "पोचले." आई म्हणाली, "कोण?"  सात हजार किलोमीटर ओलांडून तो माणूस मुलीच्या घरी पोचला होता आणि तेवढ्या वेळात आम्ही पिंपळापासून पाण्याच्या नळापर्यंत चारदा जाऊन आलो होतो.

ऑफिसात पोलीस चौकशीला आले. साहेब निघणार हे कुणाला माहीत होतं? शेठजींनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ये बच्ची तो घर की है. इसके मुँह से बात नी निकलती." माझे वडील त्याच मिलमधले, हे कुणी विचारलं नाही. मी खाली बघून तिकिटं लिहीत राहिले. साहेबांच्याच नोकरानं फोडलं असणार, असं त्यांचं ठरलं.

चौथ्या दिवशी बाबा जामिनावर घरी आले. उजव्या हाताची चार बोटं मोडली होती. मनगटापर्यंत प्लास्टर. ते जेवायला बसले आणि डावा हात ताटाकडे नेऊन तसेच थांबले. आईनं भरवलं.

ड्रायव्हरचा डावा डोळा गेला. मी आठव्या दिवशी जुनी इंदूरमधलं त्याचं घर शोधत गेले. एक खोली, बाहेर तुळस. तो खाटेवर होता, अर्ध्या चेहऱ्याला पट्टी. त्याची बायको मला पाणी द्यायला उठली. मी म्हणाले, "पाणी नको. मला काही सांगायचंय." आणि सांगितलं. वडील मिलमध्ये होते, मी त्यांना वेळ सांगितली, रस्ता सांगितला, दगड त्यांचा होता. फोनचं सोडून सगळं.

पाण्याचा पेला अजून त्या बाईच्या हातात होता. तिनं तो खाली ठेवला आणि मला कानाखाली मारली. मग दुसऱ्या बाजूनं. मी हात वर केला नाही. तिसऱ्या वेळी माझा ओठ फुटला. ती रडत नव्हती, नीट श्वास घेऊन मारत होती. ड्रायव्हर म्हणाला, "बस." ती थांबली. त्यानं मला विचारलं, "थाणे में बोला तूने?"

"नाही."

"तो अब जा."

घरी आले तेव्हा आई कालानी नगरला स्वयंपाकाला गेलेली. बाबांनी माझा ओठ पाहिला. "कुणी मारलं?" मी सांगितलं. कुठे गेले होते ते, काय बोलले ते. ते उठले. चेहरा असा झाला की मी मागे सरले.

"नाव सांगितलं माझं? त्याला जाऊन?" त्यांनी डावा हात उचलला आणि मारला. फुटलेल्या ओठावरच.

मग मी जे केलं ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी त्यांचा उजवा हात धरला, प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं धरली आणि पिळली. जोर लावून. पेन दाबून दाबून माझ्या हातात ताकद आली होती. ते गुडघ्यावर आले. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी ओळखला. पिंपळाखाली ऐकलेला. तो त्यांचाच होता.

मी सोडलं नाही. आणखी थोडं पिळलं.

"सोड," ते म्हणाले. "बेटा, सोड." मी सोडलं. ते जमिनीवर बसून हात छातीशी धरून हलत होते. मग म्हणाले, "एकेक बोट मोडताना एकच विचारत होते. टाइम किसने बताया. चार बोटं. मी तुझं नाव नाही घेतलं. आणि तू आपल्या पायांनी जाऊन सांगून आलीस?"

मी त्यांच्यासमोर बसून राहिले. माफी मागितली नाही, त्यांनीही नाही. आई आली तेव्हा आम्ही तसेच होतो. तिनं माझा ओठ बघितला, त्यांचा हात बघितला आणि हळद आणायला उठली.

त्यानंतर त्यांनी कुणावरही हात उचलला नाही. त्याचं श्रेय मी घेत नाही. तो हात पुन्हा नीट मिटलाच नाही. पुढे ते एका नव्या शोरूमच्या दाराशी चौकीदार म्हणून उभे राहू लागले. मी दोन महिन्यांनी घर सोडलं आणि भंवरकुआंला मुलींच्या होस्टेलमध्ये खोली घेतली. नोकरी तीच. मिलच्या कुलपाला गंज चढला, ऑफिसात कॉम्प्युटर आला, दोन नव्या कंपन्यांची विमानं शहरात उतरायला लागली आणि लोक जिना चढून यायचे ते येतच राहिले.

खटला तीन-साडेतीन वर्षांनी उभा राहिला. साहेब साक्षीला आले नाहीत. सगळं ड्रायव्हरच्या साक्षीवर होतं. मी बाबांबरोबर गेले. आई आली नाही, म्हणाली मला बघवणार नाही. ड्रायव्हर पिंजऱ्यात उभा राहिला, काळा चष्मा लावून. सरकारी वकिलानं बाबांकडे बोट दाखवून विचारलं, "पत्थर इसने मारा?"

ड्रायव्हरनं चष्मा काढला. बाबांकडे बघायला त्याला पूर्ण मान वळवावी लागली. बघत राहिला. बाबांनीही मान खाली घातली नाही, एवढं मी म्हणेन.

"मेरे को नी पता साब," तो म्हणाला. "भीड़ थी. मैंने नी देखा."

वकिलानं तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर. बाबा सुटले.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. म्हणाले, "काका, तुम्ही का नाही सांगितलं? मी स्वतः येऊन सांगितलं होतं तुम्हाला."

त्यानं माझ्याकडे मान वळवली. "तेरे बाप को अंदर करने से मेरी आँख आती? और साब ने तो लंदन से एक चिट्ठी भी नी डाली. बीस साल गाड़ी चलाई उनकी." मग म्हणाला, "पन एक बात सुन ले. मैंने माफ नी किया है. न उसको, न तेरे को. बस बोला नी."

"हो," मी म्हणाले.

"सड़क पार करा दे. इधर से आती गाड़ी नी दिखती."

मी त्याच्या डाव्या बाजूला गेले. त्यानं माझं कोपर धरलं. दुपारची वेळ, रस्ता भरलेला, टेम्पो, स्कूटर, एक मिनीबस अंगावर येऊन थांबली. आम्ही तो सावकाश ओलांडला. पलीकडच्या फुटपाथवर चढल्याबरोबर त्यानं कोपर सोडलं आणि मागे न बघता निघून गेला. मी वळले. बाबा कोर्टाच्या गेटशी उभे होते, डाव्या हातात पिशवी, आणि आमच्याकडे बघत होते. मी थोडा वेळ तिथेच थांबले. मग रस्ता ओलांडून परत त्यांच्याकडे गेले.